सुपारीचा जावई

आमच्या ओट्यावर जितके कबड्डीचे सामने जिंकले गेले, तितके मैदानात कधीच जिंकले गेले नाहीत. भात झोडून झालं, पेंढा माळ्यावर चढला, की पोशेरा गावाच्या खालच्या अंगाचा आमचा सगळा पाडा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन टेकायचा. आई चुलीवर गुळाचा कोरा चहा उकळत ठेवायची आणि एका टोपात करांद्याचे कंद उकडायची. बायका खळ्याच्या कडेला बसून वाल सोलायच्या आणि पुरुषांच्या तोंडून हरलेला सामना पुन्हा पुन्हा जिंकला जायचा. या सगळ्यांच्या मध्ये बसायचे माझे बाबा. बाबा स्वतः कधी धड खेळले नव्हते. तरुणपणी एकदा मैदानात उतरले आणि पहिल्याच पकडीत खांदा निखळून घरी आले, असं आई हसत सांगायची. पण पाड्याचा संघ म्हणजे बाबा आणि बाबा म्हणजे संघ, हे कुणी ठरवलं नव्हतं तरी सगळ्यांना मान्य होतं. आज माझा मुलगा मोबाईलवर कुठल्याशा लिलावावरून मित्रांशी हमरीतुमरीवर येतो, अमक्याला सोडून तमक्याला कशाला घेतला म्हणून रात्री जेवत नाही, तेव्हा मी जव्हारच्या माझ्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात उभी असते आणि मला तो ओटा आठवतो. मुलाला वाटतं आईला खेळातलं काही कळत नाही. वाटू दे.

संघाचा खरा आधार होता माझा दादा, विष्णू. चढाईला दादा निघाला की बायकासुद्धा हातातलं काम ठेवायच्या. तो मध्यरेषा ओलांडायचा तेव्हा त्याच्या तोंडातला 'कबड्डी कबड्डी' असा काही घुमायचा, की जात्याची घरघर चालू आहे असं वाटावं. कधी वर नाही, कधी खाली नाही. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. तो शेतात सराव करायचा आणि मी बांधावर बसून पाढे पाठ करायची, त्यामुळे माझे पाढेही त्याच चालीत बसले. पण त्या वर्षी त्याचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. वहिनी रोज खुरासणीचं तेल गरम करून द्यायची आणि तो ओट्याच्या खांबाला टेकून ते चोळत बसायचा. वहिनी सूर्यमाळची. तिच्या कडेवर वर्षाचा किसन असायचा आणि दादाच्या पायाकडे बघून तो आपलाही पाय चोळायचा. आम्ही सगळे हसायचो.

आता सांगायची ती गोष्ट अशाच एका संध्याकाळी सुरू झाली. जव्हारला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेचा नियम जुना होता. खेळाडूनं आपल्या गावाकडून खेळायचं किंवा सासुरवाडीकडून. आमच्याकडे जावई सासऱ्याच्या घरी राहून शेती करतो यात कुणाला कमीपणा वाटत नाही, म्हणून हा नियम आला. बाहेरचा माणूस मात्र चालत नाही. आणि सूर्यमाळच्या एका पाड्यात काशिनाथ नावाचा पोरगा उगवला होता, ज्याला सगळे काशा म्हणायचे. वीस वर्षांचा, काटक, उडी अशी की पकडायला आलेल्याच्या डोक्यावरून जायचा. मागच्या वर्षी त्यानं आमच्या संघाला एकट्यानं लोळवलं होतं. तो आपल्याकडे हवा, हे भिवाकाकांच्या डोक्यात आलं. भिवाकाका जीप चालवायचे आणि माणसांबद्दलही जीपबद्दल बोलावं तसंच बोलायचे.

"विष्णूचा गुडघा गेला, हे आथा तोंडावर बोलायला पायजे," ते म्हणाले. "आणखी एक वर्ष ओढाल, पुढं काय? काशा वीस वर्षांचा हाय. दहा वर्षं काळजी नाय."

शाळेचे गुरुजी विरोधात होते. "पोर आहे ते. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला गेला आणि अर्ध्यात दम सोडला, विसरलात? अटीतटीला विष्णू लागतो. उडी मारणारा नाही लागत."

"गुरुजी, विष्णू अटीतटीपर्यंत पोचला त ना!"

सगळे हसले. दादा तिथेच बसला होता, हे मुद्दाम सांगते. खांबाला टेकून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून, तेलाची वाटी शेजारी. त्याच्या समोर त्याचा पाय आणि त्याची उरलेली वर्षं यांची चर्चा चालली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सूर्यमाळवाले काशाला एका मोसमापुरतं सोडायला तयार होते, पण त्यांना बदल्यात विष्णू हवा होता. त्यांच्या पोरांना शिकवायला, सांभाळायला अनुभवी माणूस हवा होता. दादाचं नियमात बसत होतं, ती त्याची सासुरवाडीच. तीन संध्याकाळी हीच चर्चा झाली. कुणी म्हणे आपला सोन्यासारखा गडी देताय, कुणी म्हणे गंजलेलं देऊन नवं घेताय. शेवटी बाबांनी दादाला विचारलं, "काय रे, जाशील?" दादानं वाटी उचलली आणि म्हणाला, "तुम्ही ठरवला ना? मग झाला."

राहिला प्रश्न काशाचा. तो आमच्या पाड्याचा जावई कसा व्हायचा? मी तेव्हा चहाचे पेले घेऊन बाहेर आले. एकोणीस वर्षांची, जव्हारच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, अंगावर आईची जुनी ओढणी. भिवाकाकांनी पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"आपली यमू हाय की."

मला वाटलं बाबा आता भिवाकाकांना ओट्यावरून खाली ढकलतील. बाबा हसले. चांगले मोकळे हसले. "नुसती सुपारी फोडायची," भिवाकाका पुढे म्हणाले. "पंचांना जावई म्हणायला तेवढी पुरते. स्पर्धा संपली, का सांगायचा पत्रिका जुळत नाय. कुणाचा काय जातंय?" गुरुजी तेवढे म्हणाले, "सुपारी म्हणजे शब्द असतो हो," पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, कारण तोवर तेही काशाच्या बाजूचे झाले होते. आत चुलीजवळ आईनं टोप असा आपटला की करांदे जमिनीवर घरंगळले. मी ते गोळा करायला वाकले, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. मला भयंकर लाज वाटत होती. आणि मेलीला मला थोडं बरंही वाटत होतं. काशाला मी मागच्या वर्षी मैदानात पाहिलं होतं.

सुपारीच्या दिवशी काशा कुणाचा तरी मोठा शर्ट घालून आला. त्याला बाप नव्हता. आई होती, जी इतरांच्या शेतात राबायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. आमच्या समाजातलीच माणसं, पण त्यांना जमीन नव्हती आणि आम्हाला होती. एरवी बाबांनी असल्या घरचं स्थळ उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच तर सगळे एवढे निर्धास्त होते. काशाची आई चटईवर बसेना, कडेला उकिडवी बसली. आईनं हात धरून तिला चटईवर आणलं. चार लोकांसमोर सुपारी फुटली, साखर वाटली गेली. म्हातारीनं, तशी ती म्हातारी नव्हती, उन्हानं तशी दिसायची, माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं जवळ घेऊन माझी मूठ वळवून बघितली. माया करतेय असं मला वाटलं. नंतर कळलं की ती माप घेत होती.

दादा आणि वहिनी किसनला घेऊन सूर्यमाळला गेले आणि त्यांच्या खोलीत काशा राहायला आला. मोसमापुरता. घराचा आवाजच बदलला. दादाचा घुमणारा आवाज गेला आणि काशाचा आला, बारीक, घाईचा, मध्येच वर चढणारा. ओट्यावर रोज संध्याकाळी त्याच्या सरावाची चिरफाड व्हायची. गुरुजी म्हणायचे पाय चांगला, डोकं कच्चं. भिवाकाका म्हणायचे डोकं विष्णूचं बघितलं ना एवढी वर्षं. काशा आईला विचारून नागलीची भाकर दुसऱ्यांदा घ्यायचा. न सांगता विहिरीवरून पाणी आणून ठेवायचा. आई त्याला आधी 'तो पोर' म्हणायची, मग 'काशा' म्हणायला लागली, आणि एक दिवस तिच्या तोंडून 'आपला काशा' निघून गेलं. ती लगेच चुलीतली लाकडं सारायला लागली. सुकटीची चटणी त्याला आवडते हे कळल्यावर घरात दर दोन दिवसांनी सुकट भाजली जाऊ लागली. मला आजही सुकट भाजल्याचा वास आला की त्या दिवसांतलं सुख आठवतं आणि लगेच मागोमाग ते कसं संपलं तेही.

विहिरीवर एकदा मी त्याला विचारलं, "तुझ्या आयला सांगितलंस ना, हे सगळा खेळापुरता हाय ते?"

तो पोहरा ओढत होता, तसाच थांबला. "कसा सांगू? ती घरी गेली त्याच दिवशी पाड्याभर साखर वाटून आली."

"मग आथा?"

"भिवाकाका बोलले, आमी बघतो."

"आणि तुला काय वाटतंय?"

"मला?" तो हसला. "मला कोण विचारतंय."

मलाही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं पाणी भरून घरी आलो, तो पुढे, मी मागे. घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही.

स्पर्धेच्या दिवशी भिवाकाकांच्या जीपमध्ये जेवढी माणसं बसली, तेवढी त्या जीपमध्ये मावत नव्हती. जव्हारचं मैदान भरलं होतं. उसाच्या रसाच्या चरकाची घंटा, भज्यांचा घाणा, कर्ण्यातून अखंड ओरडणारा समालोचक. आमचा संघ अंतिम फेरीत गेला आणि समोर आला सूर्यमाळचा. एका बाजूला काशा, दुसऱ्या बाजूला गुडघ्याला पट्टी बांधलेला दादा. आणि तेवढ्यात उपांत्य फेरीत हरलेल्या एका संघानं हरकत घेतली की काशिनाथ या पाड्याचा जावई नाही, नुसतं सोंग आहे. पंच जमले. समालोचकानं कर्ण्यातून बाबांना बोलावलं.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या शेजारी काशाची आई होती. ती सकाळीच मला शोधत आली होती आणि तिनं पदरातून चार बोरं काढून माझ्या हातावर ठेवली होती. समोर बाबांनी काशाच्या खांद्यावर हात ठेवला, माईक घेतला आणि मैदानभर त्यांचा आवाज घुमला, "काशिनाथ माझा जावई हाय. चार लोकांत सुपारी फुटलीय. माझी पोरगी मी त्याला दिलीय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशाची आई डोळे पुसायला लागली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. माझ्या मुठीत ती बोरं होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा खजील झाले असेन, पण जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर एकदाच वाटलं, आणि ते टाळ्यांच्या त्या गजरात. समोर बाबांचं तोंड आनंदानं फुललं होतं. त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते असंच त्यांना वाटत असणार. संघासाठी बोललेलं त्यांना कधी खोटं वाटलंच नाही.

सामना आम्ही जिंकला. शेवटची चढाई दादाची होती. तो जात्यासारखा घुमत आला आणि आमच्या कोपऱ्यात शिरला. काशानं त्याला मागून कमरेला मिठी घातली आणि खाली आणलं, पण आणताना असं आणलं की दुखरा गुडघा जमिनीला लागू दिला नाही. स्वतःचं कोपर सोलपटून घेतलं. दादा उठला आणि म्हणाला, "बरी पकड केलीस, पावणं." हे तो मनापासून म्हणाला की टोचून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याला विचारावं असं आमचं बोलणंच नंतर राहिलं नाही.

घरी ढाल आली, गुलाल आला, ओट्यावर आठवडाभर फक्त तोच सामना चालला. काशा आपल्या घरी गेला. होळी झाली. ठरल्याप्रमाणे सुपारी मोडल्याचा निरोप द्यायचा होता. पण आता ओट्याला नवीन हाव सुटली. भिवाकाकांचं म्हणणं, एवढ्यात मोडायची कशाला? आणखी एक वर्ष राहू दे सुपारी, पुढची ढालपण आपलीच. गुरुजी म्हणाले, एवढं ताणू नये, फार तर एक मोसम. दुसरा कुणी म्हणाला, पोरीचं वय काही पळून जात नाही. मी आत भाकऱ्या थापत होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. बाबा म्हणाले, "एक वर्ष चालेल."

त्याच संध्याकाळी, ते सगळे तसेच बसलेले असताना, काशाची आई आली. सोबत दादा होता. सुपारीला ती एकदाच आली होती, तिला वाट नीट माहीत नव्हती, म्हणून ती त्याला घेऊन आली होती. डोक्यावर नागलीच्या पिठाची टोपली, काखेत पाय बांधलेली कोंबडी. ती ओट्याच्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "याही, लगनाची तारीख धरायची ना? मी भट्टीवरून सुट्टी मागून आलीय."

मघाशी ज्याला त्याला बोलायचं होतं, आता ज्याला त्याला आपल्या पायाचा अंगठा बघायचा होता. भिवाकाका जीपचं बोनेट उघडं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत उठून गेले. बाबांनी घसा साफ केला. "त्याचा काय हाय... पत्रिका..."

"पत्रिका?" ती हसली. "आपल्यात कठं पत्रिका बघतात, याही?"

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. दादाच्या तोंडाकडेही बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिला कळायला वेळ लागला नाही. ती दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळली. "पोरी, तुला माहीत होता?"

"हो," मी म्हणाले.

"मग तू तरी बोलायचंस. मी साखर नसती वाटली."

एवढंच. शिव्या नाहीत, शाप नाही. शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला तिला वाईट म्हणता आलं असतं. तिनं टोपली उतरवली, पिठात हात घालून कागदात गुंडाळलेला हिरव्या बांगड्यांचा जोड काढला आणि पायरीवर ठेवला. "तुझ्याच मापाच्या हायेत. माझ्या हातात जायच्या नाय." आई धावत बाहेर आली, तिचे पाय धरायला वाकली, पण ती मागे सरली आणि टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन निघाली. बाबा उठले, "अंधार पडेल, जीप देतो," म्हणाले. तिनं ऐकलं नसावं. दादानं तिच्या काखेतली कोंबडी आपल्याकडे घेतली आणि तिच्यामागून चालायला लागला, लंगडत. तेव्हा कुठे बाबा ओरडले, "विष्णू, तू कठं चाललास? मोसम संपला आथा! घरी ये!"

दादानं मागे वळून पाहिलं नाही. मोसमापुरता दिलेला आमचा गडी परत आलाच नाही. त्यानं सासऱ्याच्या जमिनीत घर बांधलं, तिथल्या पोरांना खेळ शिकवला. काशा आईबरोबर भट्टीवर गेला आणि पुन्हा कुठल्याच मैदानात दिसला नाही, असं वहिनीकडून कळलं. मी शिकले, नोकरीला लागले, माझं लग्न रीतसर, पत्रिका वगैरे बघून झालं. लग्नात दादा आला, जेवला आणि बाबांशी एक शब्द न बोलता गेला. बांगड्या मी कधी घातल्या नाहीत, कुणाला दिल्याही नाहीत.

मागच्या हिवाळ्यात बाबांना बघायला गेले होते. ते आता काठीशिवाय उठत नाहीत, पण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. भिवाकाकांची जीप विकली गेली, ते चालत येतात. गुरुजी निवृत्त झाले. चर्चा तीच. सूर्यमाळला एक पोरगा उगवलाय म्हणे, अठरा-एकोणीस वर्षांचा, दम असा की जात्यासारखा घुमतो. मी आत चहा गाळत होते आणि माझा हात थांबला. भिवाकाका सांगत होते, "विष्णूचा किसन तो! नियम बदललाय, आजोबाच्या गावाकडून खेळलेला आथा चालतंय. सुपारी नको, काय नको. आपलाच पोर. फक्त कुणीतरी जाऊन विचारायला पायजे."

मी पेले घेऊन बाहेर आले. बाबा अंगणातल्या वाटेकडे बघत होते, जिकडून दादा गेला होता.

"कोण जाईल विचारायला?" बाबा म्हणाले.

ओट्यावरचा जो तो आपल्या पायाचा अंगठा बघायला लागला. मी एकेकाच्या हातात चहा दिला आणि आत आले.